सी अँकर: नाळ वाऱ्यावर धरायला माप, दोर आणि बांधणी

खारावारा

नारळी पौर्णिमा झाली की होड्या पुन्हा पाण्यात जातात. पहिले काही आठवडे वाऱ्याचे झोत आणि पावसाळ्याची उरलेली लाट असतेच. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळं तयार होतात. नोव्हेंबर २००९ चं फयान आणि २०१७ चं ओखी ही दोन्ही त्याच सुमाराची. अशा हवेत इंजिन बंद पडलं की होडी स्वतःहून आडवी होते, बाजू लाटेला देते, आणि उलटायचा खरा धोका तिथेच असतो. फुटणारी लाट होडीच्या लांबीच्या ३० टक्के उंच असली तरी आडवी होडी उलटू शकते. ९ मीटरच्या होडीला ही उंची २.७ मीटर होते, आणि एवढी लाट आपल्याकडे दुर्मिळ नाही.

यावरचं साधन म्हणजे सी अँकर. कापडाचा शंकू किंवा पॅराशूट पाण्यात सोडायचा आणि त्याचा दोर नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला बांधायचा. वारा होडीला मागे ढकलतो, शंकू पाण्याला धरून ठेवतो आणि नाळ लाटेच्या समोर राहते. ९ मीटरच्या फायबर होडीचं उदाहरण घेऊन माप, दोर, बांधणी आणि टाकण्याची रीत अशा क्रमाने लिहूया. माहीतगारांनी या धाग्यावर आकड्यांसकट लिहावं.

एक गोष्ट आधीच सांगतो. सी अँकर होडीला थांबवत नाही. तो तळाला लागत नाही, पाण्यातच लटकतो. वाहणं कमी होतं, पण चालूच राहतं. ज्या पाण्याला तो धरतो ते पाणीच भरती-ओहोटीच्या ओढीने सरकत असेल तर होडीही त्याच्याबरोबर सरकते.

सुकाणू

मापाबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त चूक तिथे होते. बाजारात मिळणारे बरेच शंकू ६० सेंटीमीटर तोंडाचे असतात. ते तराफ्यासाठी किंवा कयाकसाठी ठीक आहेत, ९ मीटरच्या होडीला पुरत नाहीत.

हिशोब असा. वारा ३५ नॉट धरा, म्हणजे सेकंदाला १८ मीटर. होडी समोरून वाऱ्याला देते ते क्षेत्रफळ, छत आणि माणसं धरून, ४ चौरस मीटर. त्यावर वाऱ्याचा जोर साधारण ८० किलो बसतो. तीच होडी आडवी झाली तर क्षेत्रफळ ११ चौरस मीटरच्या आसपास जातं आणि जोर २२० किलो होतो.

आता शंकू. तो पाण्यातून १ नॉटने ओढला जात असताना ६० सेंमीचा शंकू जेमतेम ५ किलो ओढ देतो, १ मीटरचा १३ किलो, १.२ मीटरचा १९, दीड मीटरचा २९, आणि ३ मीटरचं पॅराशूट ११७ किलो. ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. त्यामुळे ८० किलोच्या वाऱ्याला तोल द्यायला ६० सेंमीचा शंकू ४ नॉटने ओढला जावा लागतो, १ मीटरचा अडीच नॉटने, दीड मीटरचा दीड नॉटच्या थोडा वर, आणि ३ मीटरचं पॅराशूट १ नॉटच्या आत. होडीचा स्वतःचा पाण्यातला विरोध यात धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला वेग याहून थोडा कमी येईल.

६० सेंमीच्या शंकूवर नाळ का टिकत नाही ते यातून दिसतं. तो पुरेशी ओढ देईपर्यंत होडी आडवी झालेली असते. माझं मत: ९ मीटरला १.२ मीटर तोंड हे कमीत कमी, दीड मीटर चांगलं. पॅराशूट घ्यायचं असेल तर व्यास होडीच्या लांबीच्या एक तृतीयांश, म्हणजे ३ मीटर.

गाठमार

सुकाणूंचे आकडे बरोबर आहेत, पण ती शांत, सरळ ओढ झाली. दोर तुटतो तो लाटेच्या झटक्याने. लाटेचा माथा होडीला मागे फेकतो आणि ताण क्षणात कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून ८० किलो ओढीसाठी ८ मिमीचा दोर पुरेल असं समजू नये.

दोर नायलॉनचाच हवा. नायलॉन ताणला जातो आणि झटका पोटात घेतो. जाळ्याला लावतो तो पॉलिप्रॉपिलीनचा दोर फार कमी ताणला जातो, वर तरंगतो आणि उन्हात कुजतो. ९ मीटरच्या होडीला १४ मिमीचा तीन पदरी नायलॉन घ्या. नवा असताना तो ४ टनांच्या आसपास तुटतो. ओला झाला की १० ते १५ टक्के ताकद जाते. गाठ मारली तर जवळजवळ निम्मी जाते, म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी थिंबल (दोराच्या फाशात बसणारी खाचेची कडी) घालून पदर विणून घ्या. विणलेल्या टोकाला ९० टक्क्यांपर्यंत ताकद राहते. तीन पदरी दोराला किमान ५ फेरे विणा. नायलॉन गुळगुळीत असतो, ३ फेऱ्यांत सुटून येतो.

फार जाड दोरही नको. ९ मीटरच्या होडीला २० मिमीचा दोर लावला तर तो ताणलाच जात नाही आणि सगळा झटका खुंट्यावर, म्हणजे होडीवर दोर बांधतो त्या जागेवर येतो.

लांबीचा हिशोब लाटेवरून करायचा. होडी आणि शंकू एकाच वेळी माथ्यावर आणि एकाच वेळी पोटात असायला हवेत, म्हणजे मधलं अंतर एक किंवा दोन पूर्ण लाटांचं. एका माथ्यावर घड्याळ लावा आणि त्यापुढचे १० माथे मोजा. ६५ सेकंद लागले तर एका लाटेला साडेसहा सेकंद. खोल पाण्यात लाटेची लांबी म्हणजे सेकंदांचा वर्ग गुणिले १.५६. साडेसहा सेकंदाला ६६ मीटर, आठ सेकंदाला १०० मीटर. म्हणून होडीवर निदान १०० मीटर, म्हणजे ५५ वाव दोर ठेवा आणि लाट बघून सोडा.

रापण

>> निदान १०० मीटर

बहुतेक होड्यांवर ३० मीटर दोर बांधलेला शंकू दिसतो. त्यात काय होतं तेही लिहायला हवं. होडी माथ्यावर येते तेव्हा शंकू पुढच्या लाटेच्या उतारावर असतो. होडी मागे फेकली जाते आणि दोर शंकूला पाण्याबाहेर ओढतो. शंकू रिकामा होऊन उताराच्या तोंडावर आपटतो, दोर सैल पडतो, नाळ एका बाजूला वळते. पुढची लाट बाजूवर येते. शंकू होता तरी होडी उलटली, असं जे ऐकू येतं त्यात बऱ्याचदा दोर आखूड असतो.

शंकूला खोलीही हवी. वरच्या कडेला बोया लावा, पण ४-५ मीटरच्या दोरीवर, म्हणजे शंकू पृष्ठभागाखाली राहील. खालच्या कडेला सव्वा ते दीड किलो वजन द्या. शिसं किंवा साखळीचा तुकडा चालतो. बोया वर आणि वजन खाली असलं की तोंड उभं राहतं.

पाचवावाव

बादलीबद्दल विचारणारं कुणी येईलच, म्हणून आधीच लिहितो. ३० सेंमी तोंडाची बादली १ नॉटला सव्वा किलो ओढ देते. ९ मीटरच्या होडीला ती शून्यासारखी. शिवाय बादलीची कडी पहिल्याच झटक्यात निघते.

घरी शिवता येतो. १ मीटर तोंडाच्या शंकूचं माप देतो, कारण ते एका तुकड्यात बसतं. सुकाणूंनी दिलेल्या १.२ मीटरसाठी सगळी मापं १.२ ने गुणायची.

कापड पीव्हीसी मढवलेली जाड ताडपत्री, ५०० ते ६०० जीएसएमची (चौरस मीटरला ग्रॅम). पातळ निळी ताडपत्री घेऊ नका, ती शिवणीतून फाटते. १.६ बाय २.२ मीटरचा तुकडा लागतो. त्यातून सहा पाकळ्या कापायच्या: वर ५५.५ सेंमी, खाली ८.२ सेंमी, उंची १६० सेंमी. एक सुलट, एक उलट अशा शेजारी ठेवल्या की तुकडा वाया जात नाही. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी शिवणीत जातं. उंचीत ८ सेंमी तोंडाच्या दुमडीत आणि २ सेंमी शेपटाच्या दुमडीत. शिवून झाल्यावर तोंड १ मीटर, शेपूट १० सेंमी आणि बाजू दीड मीटर राहते.

शेपटाचं भोक बुजवू नका. पाणी त्यातून बाहेर जातं म्हणून शंकू सरळ चालतो. बंद शंकू डावीकडे-उजवीकडे डोलतो, दोराला पीळ पडतो आणि शेवटी तो गुंडाळला जातो.

प्रत्येक शिवणीवर २५ मिमीची पॉलिस्टर पट्टी शेपटापासून तोंडापर्यंत आणि तोंडाच्या पुढे दीड मीटर मोकळी. या सहा मोकळ्या पट्ट्या म्हणजे शंकूचा लगाम. टोकांच्या दुमडी धरून एकूण पट्टी २१ मीटर लागते. ताण पट्टीने घ्यायचा, कापडाने नाही. कापडाला नुसतं भोक पाडून दोरी बांधली की ते तिथूनच फाटत जातं. दोरा पॉलिस्टरचा, टाका नागमोडी, आणि तोंडापाशी चौकोनात फुली मारून पट्टी पक्की करा.

लगामाची लांबी तोंडाच्या व्यासाच्या दीडपट. व्यासाएवढीच किंवा कमी ठेवली तर पट्ट्या आतल्या बाजूला ओढतात आणि तोंड मिटतं. दुमडीत ठिबकची २० मिमीची नळी गोल करून घाला. ती फक्त सुरुवातीला तोंड उघडं ठेवायला असते. पाणी भरलं की दाबच तोंड उघडं धरतो. सहाही टोकं एका थिंबलमध्ये, तिथे स्विव्हल (पीळ न पडू देणारी फिरती कडी), मग शॅकल (पिनेने बंद होणारी कडी), मग दोर. शॅकलच्या पिनेला स्टीलची तार गुंडाळा. पिन हलून हलून सुटते आणि मग शंकू दोराविना खाली जातो.

डोलकाठी

शंकू आणि दोर झाला, पण बांधणार कुठे? फायबर होडीच्या नाळेवरचा खुंटा बऱ्याचदा चार स्क्रूंवर असतो. तो बंदरात बांधायला पुरतो. सी अँकरच्या झटक्याने तो फायबरचा तुकडा घेऊन उखडतो आणि मागे उडतो. मागे माणसं असतात.

खुंटा आरपार बोल्टने हवा. बोल्ट १० किंवा १२ मिमी स्टीलचे, डेकखाली ६ मिमी जाड स्टीलची पट्टी किंवा १८ मिमी सागाची फळी, पट्टीची लांबी-रुंदी खुंट्याच्या पायाच्या निदान दुप्पट. लाकडी होडीत ताण नाळेच्या मुख्य लाकडावर जायला हवा, नुसत्या डेकच्या फळ्यांवर नाही.

नाळेवर दोर जिथून बाहेर जातो तिथे त्याला घर्षण होतं आणि ते रात्रभर चालतं. सी अँकरचा दोर बहुतेक वेळा इथेच कापला जातो. कडा गुळगुळीत आहे का ते हाताने फिरवून बघा. अग्निशमनाच्या जुन्या होजचा किंवा जाड पाण्याच्या नळीचा १ मीटर तुकडा दोरावर चढवून ठेवा आणि दोन्ही बाजूंनी दोरीने बांधा, नाहीतर तो घसरत घसरत पाण्यात जातो. दर तासाला ३०-४० सेंमी दोर सोडा, म्हणजे घर्षण एकाच जागी बसणार नाही. नायलॉन ताणाखाली घासला की तापतो, आतून मऊ होतो आणि निवला की कडक होतो. वरून ठीक दिसणारा दोर हाताने दाबून बघा. तो कडक, चकचकीत लागला तर तेवढा भाग कमकुवत झाला असं समजा आणि तो पुन्हा कडेवर घासू देऊ नका.

खारावारा

पाकळ्यांच्या मापाबद्दल पाचवावाव यांचे मनापासून आभार. आता टाकण्याचा क्रम कुणी सविस्तर लिहील का? विशेषतः इंजिन बंद असताना.

सुकाणू

इंजिन बंद असताना होडी आडवीच असते, त्यामुळे वाऱ्याची बाजू स्पष्ट असते. क्रम असा ठेवा.

सगळ्यांनी आधी जॅकेट घालायचं. नाळेवर एकच माणूस जातो आणि त्याला दोरीने बांधलेलं असतं.

दोर माशांच्या क्रेटमध्ये आठाच्या आकारात घडी घालून भरलेला असावा. गोल गुंडाळलेला दोर सुटताना पीळ घेतो आणि पायात अडकतो. दोराचं होडीकडचं टोक सगळ्यात आधी खुंट्याला बांधा. हे विसरलं की शंकू दोरासकट जातो.

शंकू नाळेवरून वाऱ्याच्या बाजूला, लाटेच्या मागच्या उतारावर टाका. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला टाकला तर होडी त्याच्यावरूनच वाहत जाते आणि शंकू पठाणाखाली (होडीच्या तळाच्या मुख्य लाकडाखाली) किंवा पंख्यात अडकतो.

होडी मागे सरकेल तसा दोर सोडा. दोर हातात धरून सोडू नका, खुंट्याला एक फेरा घेऊन सोडा. १५-२० मीटर गेला की क्षणभर धरा. शंकू उघडला तर दोर ताठ होतो आणि नाळ वळायला लागते. मग उरलेला हळूहळू सोडा. एकदम १०० मीटर सोडून शेवटी झटका बसू दिला तर खुंटा किंवा दोर जातो.

शेवटी, आतल्या इंजिनाची होडी असेल तर सुकाणू मधोमध घट्ट बांधा. लाट होडीला मागे ढकलते तेव्हा मोकळं सुकाणू एका बाजूला आपटून तुटतं. बाहेरच्या इंजिनाची असेल तर इंजिन वर उचलून ठेवा.

भरती_ओहोटी

>> होडी मागे सरकेल तसा

मागे सरकायला जागा आहे का, हे टाकण्याआधी पाहायला हवं. कोकणात पावसाळी वारा पश्चिम आणि नैऋत्येचा असतो, म्हणजे किनाऱ्याकडे ढकलतो. १५ सागरी मैल बाहेर असाल आणि दीड नॉटने वाहत असाल तर १० तासांत किनारा येतो. सी अँकर तेवढा वेळ देतो आणि तो वेळ मदत मागण्यासाठी आहे.

पाणी १०-१५ वावांवर आलं की साधा नांगर तयार ठेवा. नांगराचा दोर खोलीच्या ५ ते ७ पट लागतो. नांगर टाकताना सी अँकर अजून बाहेर असेल तर दोन्ही दोर एकमेकांत गुंततात, म्हणून आधी सी अँकर आत घ्या. उथळ पाण्यात, जिथे लाटा फुटतात त्या पट्ट्यात, सी अँकर काम करत नाही. दोर सैल पडल्यावर पॅराशूट खाली जातं आणि तळाला अडकतं. खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यापाशी तर तो टाकूच नका. तिथे पाणी आत-बाहेर जोराने ओढतं आणि शंकू होडीला लाटेच्या विरुद्धच धरील असं नाही.

मचवा

दांड्यावरून आत येताना जे वापरतात ते वेगळं साधन आहे, ड्रोग. तो लहान असतो आणि होडीच्या मागे बांधतात. इंजिन चालू असताना मागून लाट आली की होडी तिच्यावर घसरत पुढे पळते, नाळ पाण्यात रुतते आणि होडी आडवी फिरते. ड्रोग मागचा भाग धरून ठेवतो आणि होडी सरळ राहते. इंग्लंडच्या किनाऱ्यावर वल्ह्याच्या जमान्यातल्या जीवरक्षक नौका याच कामासाठी ड्रोग वापरत.

शिडाच्या नौकांसाठी डोनाल्ड जॉर्डन या अमेरिकन विमान अभियंत्याने एका मोठ्या शंकूऐवजी एकाच दोरावर शंभराच्या आसपास छोटे शंकू लावण्याची पद्धत दिली. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने १९८७ मध्ये त्यावर अहवाल काढला. त्यात काही शंकू लाटेतून बाहेर आले तरी बाकीचे धरून राहतात, त्यामुळे झटका येत नाही.

आपल्या होड्यांना मागे ड्रोग लावताना एक अडचण आहे. मागचा भाग सपाट आणि बुटका असतो आणि इंजिन तिथेच. मागून धरून ठेवलेल्या होडीत लाट सरळ आत येते. म्हणून इंजिन बंद असेल तेव्हा सी अँकर नाळेलाच, ही बाब पक्की ठेवा.

रापण

ड्रिफ्ट जाळ्यावर पडून राहणं हेही एक प्रकारे सी अँकरच आहे. जाळ्याचा शेवट नाळेला बांधलेला असतो आणि जाळं होडीला वाऱ्यावर धरतं. मध्यम हवेत हे उत्तम चालतं. वाऱ्याचा जोर ३० नॉटच्या पुढे गेला की मात्र जाळं पिळतं, वरचा दोर घासून तुटतो आणि तुटलेलं जाळं होडीखाली येतं. पंखा त्यात अडकला की इंजिन चालू असूनही उपयोग नाही. हवा बिघडणार असल्याचा इशारा आला की जाळं आधी आत घ्या. वादळात जाळ्याचा नांगर करायच्या भरवशावर राहू नका.

ताडपत्री आणि बांबूचा तातडीचा शंकू मात्र जमतो. दोन मीटरचे दोन बांबू फुलीत बांधायचे, त्यावर शिडाचं कापड किंवा जाड ताडपत्री चारही टोकांना घट्ट, चार टोकांपासून चार दोऱ्या एका गाठीत, खालच्या टोकाला वजन. हा पतंगासारखा उभा राहतो. मधोमध १५-२० सेंमीचं भोक पाडा, नाहीतर तो गरगरतो.

गाठमार

ट्रॉलरवाल्यांसाठी थोडं. १४ मीटरच्या ट्रॉलरला केबिनसकट समोरून १२ चौरस मीटर धरा. ३५ नॉटला २४० किलो, ४५ नॉटला ४०० किलो. शंकूने हे जमत नाही, साडेचार मीटरचं पॅराशूट लागतं. ते १ नॉटला २६० किलो धरतं. दोर २० मिमी नायलॉन, साधारण ८ टनांचा, लांबी १५० मीटर. खुंटा डेकच्या खाली आडव्या तुळईला जोडलेला हवा.

केबिन मागे असेल तर वारा मागच्या भागाला ढकलतो आणि नाळ सहज वाऱ्यावर येते. केबिन पुढे असेल तर ती नाळेलाच बाजूला ढकलते. अशा बोटीला नुसतं नाळेवर बांधून भागत नाही. इंजिन चालत असेल तर अगदी हळू पुढे ठेवा. त्याने दोराचा ताणही कमी होतो, पण दोर सैल पडेल इतकं पुढे जाऊ देऊ नका.

शिडाच्या नौकांवर लिन आणि लॅरी पार्डी यांनी रूढ केलेली पद्धत म्हणजे मुख्य दोराला मागच्या बाजूने दुसरी दोरी बांधून नौका वाऱ्याशी ५० अंशांवर धरायची. मग ती पुढे जात नाही, फक्त आडवी सरकते आणि वाऱ्याच्या बाजूला शांत पाण्याचा पट्टा सोडते. उघड्या, बुटक्या काठाच्या मासेमारी होडीत हे करू नका, बाजूने पाणी येतं.

मचवा

पाण्याला शांत करण्यावरून आठवलं. जुन्या काळच्या जहाजांवरच्या जीवनौकांत ४.५ लिटर तेलाचा डबा सक्तीचा असे. तो सी अँकरला बांधून तेल थेंब-थेंब सोडायचं. तेलही वनस्पती, मासा किंवा प्राण्याचंच असायचं. डिझेल किंवा जळकं इंजिन ऑइल त्या कामाचं नाही, पाण्यात पडलेल्या माणसाच्या फुप्फुसात गेलं तर जीव घेतं. आजच्या फुगवायच्या तराफ्यांत दोन सी अँकर असतात, एक कायम बांधलेला आणि एक जादा.

भरती_ओहोटी

दिव्यांबद्दल, कारण यात गफलत होते. सी अँकरवरची होडी नांगरलेली धरत नाहीत. ती चालतीच समजली जाते. त्यामुळे नांगराचा पांढरा दिवा लावू नका. जवळून जाणारं जहाज तुम्हाला एका जागी स्थिर समजेल. इंजिन बंद आणि ताबा नाही, अशा बोटीने एकावर एक दोन लाल दिवे लावायचे, जे सगळीकडून दिसतात. दिवसा दोन काळे गोळे. १२ मीटरपेक्षा लहान होड्यांना सक्ती नाही, पण मुंबईच्या जहाजमार्गाजवळ असाल तर लावा.

तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर कळवताना फक्त जागा सांगून थांबू नका. 'सी अँकर टाकला आहे' हे सांगा, किती वाजता टाकला आणि किती नॉटने वाहतोय तेही सांगा. शोधायची जागा ते वाऱ्याने होडी किती वाहील यावरून काढतात, आणि सी अँकर असलेली होडी नसलेल्यापेक्षा बरीच मागे राहते. न सांगितलेल्या सी अँकरमुळे शोध चुकीच्या पट्ट्यात जाऊ शकतो. मदत येईपर्यंत दर तासाला जीपीएसवरची जागा वहीत लिहा, नवीन जागा सांगता येते. डिस्ट्रेस ट्रान्समीटर (संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र) असेल तर त्याचं बटण लवकर दाबा.

डोलकाठी

परत आत घेण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. भरलेला दीड मीटरचा शंकू हाताने ओढून येत नाही.

शेपटाच्या टोकाला ८ मिमीची दोरी आणि तिच्या टोकाला लाल बोया, दोरी १०-१५ मीटर. वारा उतरला की इंजिनाने हळू हळू दोराच्या दिशेने पुढे जा. एक माणूस सैल दोर सतत आत घेत राहतो. सैल दोर पंख्यात जाणं ही आत घेतानाची सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, म्हणून दोर होडीखाली जाताना दिसला की इंजिन लगेच न्यूट्रल. हुकाने बोया पकडा, शेपूट वर ओढा. शंकू उलटा होतो, पाणी तोंडातून निघून जातं आणि रिकामं कापड सहज येतं. बोया नसेल तर लगामाची एकच पट्टी ओढा, तोंड वाकडं झालं की पाणी सुटतं.

शेपटापासून थेट होडीपर्यंत येणारी लांब दोरी काहीजण लावतात. १०० मीटर मुख्य दोराशेजारी ती हमखास गुंडाळते आणि मग शंकू उघडतच नाही. छोटी दोरी आणि बोयाच बरा.

पाचवावाव

शिवलेल्या शंकूची चाचणी वादळात करू नका. १५ नॉट वारा आणि मोकळं पाणी असलेल्या दिवशी टाका, १० मिनिटं ठेवा आणि परत घ्या. चार गोष्टी बघा. नाळ वाऱ्याच्या ३० अंशांच्या आत राहते का. शंकू गरगरतो का. गरगरत असेल तर शेपटाचं भोक १० वरून १२-१३ सेंमी करा. तोंडाची एक बाजू मिटते का. मिटत असेल तर सहा पट्ट्यांची लांबी पुन्हा मोजा, एक तरी आखूड निघेल. आणि खुंट्याच्या बोल्टांभोवती फायबरला केसाएवढी चीर गेली आहे का.

वापरानंतर गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. मीठ शिवणीत राहिलं की दोरा कापतं. पिशवीत घालताना शेपूट खाली, लगाम वर, स्विव्हल सगळ्यात वर, आणि दोराचं होडीला बांधायचं टोक पिशवीबाहेर लटकतं ठेवा. त्या टोकाला एक वाव लाल रंगाची पट्टी गुंडाळा. अंधारात, पावसात, हलणाऱ्या नाळेवर हात तेच टोक शोधतो.

खारावारा

१.२ मीटरसाठी पाकळीचं माप काढलं आहे, कुणी तपासून घ्या: वर ६६, खाली ९.३, उंची १९० सेंमी. नुसतं १.२ ने न गुणता आधी शिवणीचे ३ सेंमी वजा केले, गुणले आणि परत ३ मिळवले. उंचीतही १५० चे १८० केले आणि दुमडीचे १० तेवढेच ठेवले.

पाचवावाव

बरोबर आहे. माझं 'सगळं १.२ ने गुणा' चुकीचं होतं. शिवण मापाबरोबर वाढत नाही. पट्टी २५ मीटर घ्या, आणि कापड १.९ बाय २.६ मीटर.